तेल जातं कुठे

शरच्चंद्रराव चहाचा कप हातात धरून अंगणात पोटावर आडवे झाले आणि मोटारसायकलखालच्या पुठ्ठ्याकडे बघू लागले. पुठ्ठा नव्या फ्रिजच्या खोक्याचा होता. त्यावर 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, आणि तेलाचा एक थेंबही नव्हता.

"कोरडा," ते म्हणाले. डॉक्टरांनी 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगितल्यावर काही लोकांचा जसा हिरमोड होतो, तसा त्यांचा चेहरा झाला.

"अभिनंदन," स्वयंपाकघराच्या पायरीवरून सुहासिनीबाई म्हणाल्या. हातातलं तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी पायरीशीच ओतलं. पाणी आपलं आपण अंगणातून चालत निघालं, गाडीच्या चाकांना वळसा घालून पलीकडच्या तुळशीपाशी जाऊन थांबलं. हे अंगण बांधल्यापासून बाईंना तुळशीला पाणी घालायला पायरी उतरावी लागली नव्हती.

"अभिनंदन कसलं? पुठ्ठा कोरडा, आणि आतलं तेल कमी. मग ते गेलं कुठे?"

"मला काऊन विचारून राह्यले? मी पीत नाही."

शरच्चंद्रराव उठले, शर्टाची धूळ झटकली, पुन्हा वाकून पाहिलं. मग गाडीला एक प्रदक्षिणा घातली. चहा थंड झाला होता. तो तसाच पिऊन त्यांनी दुसरी प्रदक्षिणा घातली.

त्यांची नोकरी लेखापरीक्षकाची. अख्खी हयात त्यांनी जिल्हाभर फिरून लोकांना एकच प्रश्न विचारला: आलं होतं ते गेलं कुठे? तेव्हा पलीकडचा माणूस घाबरायचा आणि काहीतरी सांगायचा. निवृत्त होऊन चिखलीला घर बांधल्यावर तोच प्रश्न त्यांनी गाडीला विचारायला घेतला. गाडी घाबरत नव्हती, हीच अडचण.

गाडी जुनी होती, दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक. असल्या गाडीचं इंजिनाचं तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं असतं; ते जळून धूर होऊन जातं आणि त्याबद्दल कुणी चौकशी करत नाही. गिअरचं तेल मात्र वेगळं. ते गिअरच्या पेटीत गप्प बसून राहायला हवं. तपासायची रीत सोपी. गाडी डबल स्टँडवर चढवायची, पेटीच्या डाव्या अंगाचा छोटा स्क्रू काढायचा. भोकातून तेल ओघळलं, तर पेटी भरलेली आहे. नाही ओघळलं, तर ओघळेपर्यंत वरून ओतायचं. शरच्चंद्रराव रोज सकाळी स्क्रू काढत. फाटकाच्या बाहेर गाडी कालच्या दिवसात कुठे जाऊन आली असेल, तर तेल हमखास ओघळत नसे. मग ते ओतत.

तपासात काही कसूर राहिली होती असं नाही. जुन्या गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, नाव 'दोन सायलेन्सर'. तिथे मलकापूरचे प्रसेनजित म्हणून एक गृहस्थ भाषणासारखे लांब आवाजी निरोप पाठवत. त्यांनी सांगितलं, इंजिनावर पावडर मारा, तेल जिथून पाझरत असेल तिथे पावडर ओली होईल. शरच्चंद्ररावांनी सुहासिनीबाईंचा पावडरचा डबा रिकामा केला. गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली, पण ओली झाली नाही. मग प्रसेनजित म्हणाले, बाहेर नाही तर आत. आतलं सील गेलंय, तेल इंजिनात ओढलं जाऊन जळतंय, सायलेन्सरचा वास घ्या. शरच्चंद्रराव गुडघे टेकून सायलेन्सरला नाक लावून बसले असताना शेजारच्या शालूबाई कुंपणावरून बघत होत्या. त्या हळूच सुहासिनीबाईंना म्हणाल्या, "भाऊजींची तब्येत बरी हाय नं?"

इंजिन उघडलं. सील बदललं. तेल पुन्हा गेलं. मग पॅकिंग बदललं. तेल पुन्हा गेलं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, अमावास्येच्या आसपास जास्त जातं का, आणि शरच्चंद्ररावांनी कॅलेंडर काढून पाहिलं. गिअर ऑइलचा कॅन स्वयंपाकघरात शेंगदाणा तेलाच्या कॅनशेजारी मुक्कामाला आला. एकदा पोह्यांची फोडणी अगदी थोडक्यात चुकता चुकता राहिली, आणि तिथून सुहासिनीबाईंचा या प्रकरणातला आवाज बदलला.

पुण्याचा मुलगा आल्हाद अशा वेळीच फोन करतो.

"बाबा, बाणेरला माझ्या ओळखीच्या एकाचं कॅफे आहे. त्याला जुनी गाडी हवीय. भिंतीवर लावणार."

"भिंतीवर? मग चालवणार कशी?"

"चालवायची नाहीच. वरून मस्त लाइट सोडणार. खाली लोक बसून पास्ता खाणार."

शरच्चंद्ररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. याच गाडीवर लग्नानंतर ते सुहासिनीला माहेराहून घेऊन आले होते. याच गाडीच्या टाकीवर आल्हाद बसायचा, पाय हँडलला टेकवून. तिची चाकं हवेत, खाली लोक काट्याने पास्ता गुंडाळताहेत, आणि वर गिअरची पेटी रिकामी. रिकामी, आणि ती का रिकामी हे कुणालाच ठाऊक नाही! टांगण्यापेक्षाही हे त्यांना जास्त लागलं. ते उठून अंगणात गेले आणि स्क्रू काढून बघून आले.

शेवटी सुहासिनीबाईंनीच निकाल लावायचं ठरवलं. साखरखेर्ड्याला त्यांचे थोरले भाऊ वामनराव यांची पंचाहत्तरी होती. वामनराव पौरोहित्य करत आणि लोकांच्या घरांना वास्तुशास्त्र सांगत. चिखलीचं हे घरही त्यांनीच सांगितल्याप्रमाणे बांधलेलं.

"आल्हाद कार पाठवतो म्हणतोय," बाई म्हणाल्या. "पण मी येते तुमच्या मागे बसून. मोतिया रंगाची साडी नेसून येते. साखरखेर्ड्यापर्यंत गाडी कुठे थांबली नाही आणि साडीवर तेलाचा डाग पडला नाही, तर गाडी राहील, मी आल्हादला सांगते. थांबली किंवा डाग पडला, तर तुम्ही त्याला हो म्हणून सांगायचं. आणि मग माझ्या घरात या विषयावर कोणी बोलायचं नाही."

"मोतियाच कशाला? ती चॉकलेटी..."

"मोतिया."

शर्त ठरली तेव्हा इंद्रभान हजर होता. उंद्रीचा हा भाजीवाला शेतकरी, त्याच्याकडेही हीच गाडी. चिखलीच्या बाजाराला वांगी घेऊन आला की तो गाडी शरच्चंद्ररावांच्या अंगणात लावी, आणि दोघं मिळून दोन्ही गाड्यांची नाडी बघत. 

"सायेब, मले एक समजून नाई राह्यलं," इंद्रभान डोकं खाजवत म्हणाला. "माही गाडी उंद्रीले ठणठणीत राह्यते. इथं तुमच्या आंगनात आली का तेल कमी दाखवते. तुमच्या गाडीचा संसर्ग तं नाई नं?"

एरवी असल्या बोलण्यावर शरच्चंद्रराव हसले असते. आता त्यांनी ते ग्रुपवर टाकलं. प्रसेनजितांनी चिखलीच्या हवेवर एक लांबलचक निरोप पाठवला. खबरदारी म्हणून पुढच्या बाजारापासून दोन्ही गाड्या जरा अंतरावर लावण्यात आल्या. दोन्हींचं तेल कमीच निघालं.

निघायच्या दिवशी शरच्चंद्रराव कोंबड्याच्या आधी उठले. गाडी नेहमीसारखी फाटकाकडे तोंड करून, डावं अंग स्वयंपाकघराकडे आणि उजवं तुळशीकडे, अशी उभी केली आणि स्क्रू काढला. तेल ओघळलं नाही. ते ओतत गेले. वामनरावांसाठी वांग्यांची पिशवी घेऊन आलेला इंद्रभान शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"आज लयच पिऊन राह्यली हे."

"पिऊ दे. लांब जायचंय."

एकदाचा भोकाशी थेंब आला. शरच्चंद्ररावांनी स्क्रू आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. पान्यांची पिशवी हँडलला अडकवली. सुहासिनीबाई मोतिया साडीत बाहेर आल्या, गाडीला हळदकुंकू लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळत तुळशीकडे गेलं. इंद्रभानने आणून दिलं, पुन्हा गेलं. 

"घ्या," बाई म्हणाल्या. "लिंबूसुद्धा थांबायला तयार नाही तुमच्याजवळ." शेवटी त्यांनी ते चपलेच्या टोकाने अडवून धरलं आणि शरच्चंद्ररावांनी गाडी त्यावरून काढली.

"सायेब, खाली पाहू नका, समोर पाहा!" मागून इंद्रभान ओरडला.

मेहकरचा रस्ता चांगला होता, हवेत गारवा होता, दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या आणि गाडी गात होती. दुसऱ्या कुणालाही आनंद झाला असता. शरच्चंद्ररावांना एकच गोष्ट हवी होती: उतरून बघणं. आणि थांबले तर हरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तपासणीवाचून प्रवास करावा लागत होता. ते गिअरचा आवाज ऐकत होते. तिसऱ्यात जरा गुरगुरली का? नाही, तो ट्रॅक्टर. चौथ्यात काही वास? तो कुणाच्या तरी शेतातल्या कचऱ्याचा. मान डावीकडे वळू लागली की पाठीत बोट टोचायचं.

"समोर."

"समोरच बघतोय."

"मागच्या वळणाला तुम्ही माझ्या चपलेकडे बघत होते."

लव्हाळ्याला साखरखेर्ड्याकडे वळायचं होतं. फाट्यावरच्या हॉटेलात भजी तळत होते आणि समोर मोकळी जागाही होती. शरच्चंद्ररावांचा हात आपोआप ब्रेककडे गेला. 

"चहा घ्यायचा?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घ्या की. मी आल्हादला फोन लावते तोवर."

त्यांनी गाडी मुकाट साखरखेर्ड्याकडे वळवली. त्यापुढच्या खराब रस्त्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली, आणि डाव्या घोट्याला काहीतरी ओलसर लागलं. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. घोट्याकडे पाहिलंही नाही. घाम असेल, म्हणाले मनाशी. एकाच घोट्याला घाम का यावा, हा पुढचा प्रश्न त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारला नाही.

साखरखेर्ड्याला वामनरावांच्या अंगणात मांडव होता. गाडी न थांबता आली होती. अर्धी शर्त जिंकली. सुहासिनीबाई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसल्या होत्या, त्या उतरल्या आणि काठ पुढे घेऊन पाहू लागल्या. शरच्चंद्ररावही पाहू लागले. मोतिया रंगावर, काठाच्या जरा वर, मोहरीएवढे काळे ठिपके होते. दुरून नक्षी म्हणून खपले असते.

"जेवण झालं की आल्हादला फोन करा," बाई म्हणाल्या आणि निरी सारखी करून आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माणूस सगळं हरला तरी सवय जात नाही. शरच्चंद्ररावांनी तिथेच गाडी डबल स्टँडवर चढवली, पिशवीतून पाना काढला आणि स्क्रू सैल केला. निदान किती गेलं ते तरी कळावं.

तेल भळाभळा बाहेर आलं. 

वामनरावांच्या नव्या लाद्यांवर त्याचं तळं साचलं. शरच्चंद्ररावांनी भोकावर बोट धरलं आणि तसेच बसून राहिले. वाटेत तेल सांडलंय, साडीवर पुरावा आहे. आणि पेटी मात्र गच्च भरलेली. शिल्लक कमी निघालेली त्यांनी हजारदा पाहिली होती. खर्च होऊन शिल्लक वाढलेली पहिल्यांदाच पाहत होते.

"शरदराव, पान वाढलंय, या!" वामनराव हाका मारत होते. स्क्रू आवळून, लाद्यांवर भुसा टाकून शरच्चंद्रराव पंगतीला जाऊन बसले. समोर पत्रावळ होती, पत्रावळीवर भात, भातावर वरण. त्यांना काहीच दिसत नव्हतं. शेजारी वामनराव पाहुण्यांना नव्या अंगणाबद्दल सांगत होते. 

"पण काय हो वामनराव," पलीकडचा कुणीतरी म्हणाला, "आम्हाला सांगता, अंगणाला ईशान्येकडे उतार द्या, लक्ष्मी येते. शरदरावांच्या अंगणात तर घसरगुंडी करायला लावली. आणि स्वतःचं अंगण ओट्यासारखं सपाट?"

वामनराव जराही लाजले नाहीत. "ते शास्त्र बरोबरच आहे. पण माझ्याकडे बारा महिने पंगती. उतारावर पंगत बसत नाही हो, वरण पळतं."

शरच्चंद्ररावांचा घास तोंडापाशी थांबला.

त्यांनी तो परत ठेवला. पत्रावळीची एक कड बोटाने हळूच उचलली. वरण सगळं खालच्या कडेला जमलं, वरची बाजू कोरडी पडली. खाली सोडली, वरण सपाट. पुन्हा उचलली. शेजारचे पाहुणे आपापलं पान जरा दूर ओढून बसले. वरच्या कडेला भोक आहे असं धरलं, तर वरण तिथपर्यंत पोचायला किती वाढावं लागेल? भरपूर. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आणि मग पान सपाट झालं की? तुळशीकडे धावणारं तांदळाचं पाणी त्यांना दिसलं. घरंगळणारं लिंबू दिसलं. उंद्रीला ठणठणीत असणारी आणि त्यांच्या अंगणात आजारी पडणारी इंद्रभानची गाडी दिसली.

ते भरल्या पंगतीतून उठले. वामनरावांच्या पंचाहत्तरीत असं कधी झालं नव्हतं. "अहो, अन्नाचा अपमान..." असं काहीतरी मागे ऐकू आलं. शरच्चंद्ररावांनी उष्ट्या हातानेच सुहासिनीबाईंना बायकांच्या पंगतीजवळून बाजूला बोलावलं.

"अगं, गाडी गळत नव्हती. कधीच गळत नव्हती. आपलं अंगण उताराचं. भोक वरच्या अंगाला. मला वाटायचं तेल कमी आहे, म्हणून मी जास्त ओतायचो. जास्तीचं पेटीत मावायचं नाही, ते गाडी वाटेत चेनवरून फेकून द्यायची. घरी आलं की पुन्हा मला कमी दिसायचं..."

"आणि तुम्ही पुन्हा ओतायचे."

"हो."

"तरीच तुमच्या पँटच्या डाव्या पायाला रोज ते काळे ठिपके. मी घासून घासून मेले."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलं कधी? पुठ्ठ्याला विचारलं, पावडरीला विचारलं, त्या मलकापूरवाल्याला विचारलं." त्या थांबल्या. "इंजिन उघडलं ते?"

"त्याला काही झालेलं नव्हतं."

"आणि माझी पावडर?"

ते साडीच्या काठाकडे बघत उभे राहिले. मग हात धुऊन आले, खिशातून फोन काढला आणि आल्हादचा नंबर लावला. दोष कुणाचाही असो, डाग पडला होता, आणि सह्या झालेली गोष्ट त्यांनी कधी फिरवली नव्हती.

"हां बाबा, बोला."

"आल्हाद, ते तुझ्या कॅफेवाल्याचं... त्याला सांग की..."

सुहासिनीबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"आल्हाद, त्याला विचार, भिंतीवर पाने चालतील का? ... पाने रे, नट खोलायचे. पिशवीभर आहेत, स्क्रूड्रायव्हरसकट. वरून लाइट सोडा म्हणावं... नाही, गाडी नाही. गाडीत काही बिघाड नाही, तिला कायले टांगायची?" त्यांनी फोन बंद करून परत दिला. "चला, पान थंड झालं. दादाची माफी मागा आधी."

संध्याकाळी परत निघताना पान्यांची पिशवी बाईंच्या मांडीवर होती. दर खड्ड्याला ती खुळखुळत होती, आणि दर खुळखुळाटाला शरच्चंद्ररावांची मान डावीकडे वळत होती. लव्हाळ्याला इंद्रभानचा फोन आला. आता थांबायला कुणाची ना नव्हती.

"सायेब, काय झालं? डाग?"

"पडला. पण ते जाऊ दे. तुझी गाडी एकदम बरी आहे. माझ्या अंगणात स्क्रू उघडायचा नाही, इतकंच."

"म्हंजे संसर्गच होता नं! मी सांगतलंच होतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्रराव चहाचा कप घेऊन अंगणात आले. पुठ्ठा रद्दीत गेला होता. गाडी फाटकाबाहेर, सपाट सिमेंटवर उभी होती आणि तिला हात लावायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. ते पायरीवर बसले. उठले. फाटकापर्यंत जाऊन आले. 'दोन सायलेन्सर'वर प्रसेनजित विचारत होते की निदान काय निघालं. त्यांनी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा बसले. मग त्यांची नजर हळूहळू वर गेली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन थांबली.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आपली टाकी काल भरली होती, तेव्हा पाणी जरा वर होतं का गं?"

आतून तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं पायरीशी पडलं आणि तुळशीकडे निघालं.